भूकंपाचा मध्य नेमका कुठे होता? सुमात्रा–अंदमान, २६ डिसेंबर २००४

ताग्यातून कापड काढून देताना दुकानदार काठाला कात्रीचा एक छोटा काप देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडत नेतो. काप दिला ती जागा म्हणजे फाटलेल्या रेषेचा मध्य, असं कुणी म्हणणार नाही. भूकंपाच्या बातमीत मात्र आपण हेच करतो. ‘भूकंपाचा केंद्रबिंदू अमुक ठिकाणी’ असं छापून येतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कंपासने काढलेलं वर्तुळ उभं राहतं, मधोमध टोचलेल्या टोकासकट.

शाळेच्या भूगोलातला शब्द त्यापेक्षा बरा आहे. खडक जमिनीखाली जिथे तुटायला लागला ती भूकंपनाभी, आणि तिच्या बरोबर वर पृष्ठभागावर येणारं ते अपिकेंद्र. अपिकेंद्र सांगतं ते इतकंच, की सुरुवात इथे झाली. तूट पुढे किती लांब पळाली, खडक सर्वांत जास्त कुठे सरकला, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

एरवी याने फारसं बिघडत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. एवढ्या भूकंपात तुटणारा भाग साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा असतो, म्हणजे सुरुवातीची जागा आणि मध्य यांत फरक पडलाच तर काही किलोमीटरचा. नकाशावर दोन्ही ठिपके एकमेकांवर बसतात. पण २००४ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी जे झालं, त्यात तुटलेला पट्टा सुमारे १,३०० किलोमीटरचा होता. एवढ्या लांब वस्तूला ‘मध्य’ असतो का, असला तर तो कसा काढायचा, आणि काढून उपयोग काय, हे तिन्ही प्रश्न तेव्हा एकदमच समोर आले.

दहावीच्या सूत्रापासून सुरुवात

त्रिकोणाच्या मध्यगासंपातबिंदूचं सूत्र दहावीला सगळ्यांनी घोकलेलं असतं: तिन्ही शिरोबिंदूंचे क्ष-निर्देशक मिळवा, तीनने भागा, य-निर्देशकांचंही तेच. यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, की तिन्ही टोकांचं वजन सारखं. वजनं वेगळी असतील तर प्रत्येक निर्देशक आपापल्या वजनाने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायची. विज्ञानात सेंट्रॉइड म्हणून जो वापरला जातो तो बहुतेक वेळा हाच, भारित मध्य. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात तारा चार-सहा पिक्सेलवर पसरतो, तेव्हा प्रत्येक पिक्सेलवरचा प्रकाश हे वजन धरून ताऱ्याची जागा पिक्सेलच्याही आत काढतात. सूत्र तेच.

त्याची खोडही तितकीच जुनी. बांगडीचा गुरुत्वमध्य पोकळीत पडतो, जिथे काच नाहीच. सेंट्रॉइड ‘सरासरी जागा’ सांगतो. त्या जागी काही आहे की नाही याची हमी तो देत नाही, आणि वस्तू किती पसरलेली आहे हेही सांगत नाही.

भूकंपात वजन म्हणून काय धरायचं? तुटलेल्या पृष्ठाचं क्षेत्रफळ, गुणिले खडक किती सरकला ते अंतर, गुणिले खडकाचा ताठपणा. या गुणाकाराला भूकंपीय मोमेंट म्हणतात. आज जी तीव्रता सांगितली जाते ती यावरूनच काढलेली असते. (बातमीत तिच्यापुढे अजूनही ‘रिश्टर स्केल’ लिहितात. रिश्टरची मूळ मोजपट्टी कॅलिफोर्नियातल्या जवळच्या भूकंपांसाठी होती; एवढ्या मोठ्या भूकंपासाठी ती कुणी वापरत नाही.) मोमेंट कुठे कुठे आणि केव्हा केव्हा मोकळा झाला, त्याचा भारित मध्य म्हणजे भूकंपाचा सेंट्रॉइड. त्याला अक्षांश, रेखांश, खोली असते आणि चौथा निर्देशकही असतो, तो म्हणजे वेळ.

हे हार्वर्डच्या अ‍ॅडम जेवॉन्स्की यांनी चाऊ आणि वुडहाउस यांच्याबरोबर १९८१ मध्ये रोजच्या वापराचं केलं. पद्धत थोडक्यात अशी. आधी अपिकेंद्र हाच मध्य आहे असं धरायचं. पृथ्वीच्या अंतरंगाचं प्रारूप घेऊन अशा भूकंपाचे तरंग जगभरच्या केंद्रांवर कसे दिसले असते ते गणिताने काढायचं. खऱ्या नोंदींशी ताडायचं, आणि फरक कमी होईल अशा बेताने सहा आकडे (खडक कोणत्या दिशेने, किती सरकला याचे) आणि चार आकडे (जागेचे तीन, वेळेचा एक) सरकवत राहायचं. जुळलं की जो बिंदू उरतो तो सेंट्रॉइड. १९७६ पासूनच्या भूकंपांची अशी यादी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. २००६ पासून ती कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत पुढे चालू आहे. आपला १९६७ चा कोयनेचा भूकंप त्या यादीत नाही, कारण यादी सुरू व्हायला अजून नऊ वर्षं होती.

त्या सकाळचे आकडे

भारतीय वेळेनुसार सकाळचे ६ वाजून २८ मिनिटं ५३ सेकंद, रविवार. अपिकेंद्र ३.३ अंश उत्तर, ९६ अंश पूर्व. सुमात्राच्या वायव्य किनाऱ्याजवळ, बांदा आचेच्या दक्षिण-आग्नेयेला सुमारे अडीचशे किलोमीटर. हवाईच्या पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने पंधराएक मिनिटांत पहिलं निवेदन काढलं: तीव्रता ८.०. तासाभराने दुसरं: ८.५. हार्वर्डचं सेंट्रॉइडचं गणित काही तासांनी आलं. आधी ८.९ आणि मग सुधारून ९.०. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी छापून आलेला ८.९ हा आकडा त्यातलाच.

त्या ९.० च्या सोबतचे बाकीचे आकडे बातम्यांत आले नाहीत, पण प्रकरण खरं तिथेच आहे. सेंट्रॉइड: ३.०९ अंश उत्तर, ९४.२६ अंश पूर्व, खोली २८.६ किलोमीटर. सेंट्रॉइडची वेळ सुरुवातीनंतर १३९ सेकंदांनी.

नकाशा काढून बघा. हा बिंदू अपिकेंद्राच्या सुमारे १९० किलोमीटर पश्चिमेला आहे आणि किंचित दक्षिणेला. तूट मात्र सुमात्रापासून निकोबार, अंदमान अशी उत्तरेला गेली होती. हे नंतर निरनिराळ्या वाटांनी पक्कं झालं. मियाकी इशी आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या हाय-नेट या भूकंपमापकांच्या दाट जाळ्यातल्या शेकडो यंत्रांवरून तूट पळताना जवळजवळ ‘पाहिली’: सेकंदाला सुमारे २.८ किलोमीटर वेगाने, आठेक मिनिटं, १,३०० किलोमीटर. जमिनीनेही तेच सांगितलं. ग्रेट निकोबारच्या टोकाशी इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला आणि तिथल्या दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. उलट उत्तर अंदमानाकडच्या काही बेटांचे प्रवाळ मीटरभर वर उचलले जाऊन उघडे पडले. जिथे जमीन चार मीटर खचली, ती जागा या ‘मध्या’पासून चारशेहून जास्त किलोमीटर दूर.

मला यात सर्वांत बोलका वाटतो तो वेळेचा आकडा. या पद्धतीत भूकंप किती वेळ चालला हे मोजत नाहीत. आकारावरून एक ठरीव अर्ध-कालावधी धरतात. इथे तो ९५ सेकंद होता. सुरुवात शून्यावर, अर्धा काळ ९५ सेकंद, तर मध्य ९५ च्या आसपास यायला हवा. आला १३९ वर. म्हणजे भूकंप गृहीतकापेक्षा बराच लांबलाय, याची चाहूल त्याच छापील ओळीत होती. दोन आकडे शेजारी शेजारी, एकमेकांशी न पटणारे.

एकच ठिपका का फसला

सेंट्रॉइडच्या या पद्धतीचा पाया असा, की स्रोत तरंगलांबीच्या मानाने लहान असावा. म्हणजे मग तो बिंदू धरला तरी चालतो. हार्वर्डने त्या दिवशी एका फेऱ्याला ३०० सेकंदांच्या आगेमागे घेणारे, म्हणजे भूकंपशास्त्रात पुष्कळच लांब समजले जाणारे तरंग वापरले होते. पण ३०० सेकंदांच्या पृष्ठतरंगाची लांबी दीड हजार किलोमीटरच्या घरात भरते, आणि तूट १,३०० किलोमीटरची. तुटण्याचा कालावधीही आठेक मिनिटांचा, म्हणजे तरंगाच्या एका फेऱ्यापेक्षा मोठा.

विसर्जन मिरवणुकीत ढोलपथक लांबवर पसरलेलं असतं तेव्हा कोपऱ्यावर उभं राहून ऐका. पुढच्या ढोलांचा ठोका आणि मागच्यांचा ठोका मागेपुढे कानावर येतात, आणि मधेच कुठेतरी एकमेकांना खाऊन टाकतात. पथकात किती ढोल आहेत याचा अंदाज एका जागी उभं राहून आवाजावरून बांधाल तर कमीच निघेल. दक्षिण टोकाचे तरंग आणि उत्तर टोकाचे तरंग काही दिशांना असेच एकमेकांवर आपटले. गणिताला एकच ढोल धरायला सांगितलं होतं, म्हणून त्याने एकाच ढोलाएवढा आवाज हिशेबात धरला: मोमेंट ३.९५ गुणिले १०चा २२ वा घात न्यूटन-मीटर. आणि जागा दिली ती त्यातल्या त्यात बरी जुळणारी.

सेंट्रॉइड खरं तर कुठे यायला हवा होता, हे कागदावर करून बघता येतं. तुटीचे तीन भाग धरू. सुमात्रा भाग ४२० किलोमीटर लांब, निकोबार ३२५, अंदमान ५७०. रुंदी अनुक्रमे २४०, १७० आणि १६० किलोमीटर. सरासरी सरकणं ७, ५ आणि २ मीटर. हे आकडे हातच्या हिशेबासाठी गोल केलेले आहेत आणि प्रत्येक भागात सरकणं एकसारखं धरलंय, प्रत्यक्षात ते तसं नव्हतं. गुणाकार केला की वजनं लाखांत साधारण ७.०६, २.७६ आणि १.८२ अशी येतात, एकूण ११.६४. प्रत्येक भागाचा मध्य दक्षिण टोकापासून २१०, ५८२ आणि १,०३० किलोमीटरवर. वजनांनी गुणून, बेरीज करून, ११.६४ ने भागलं की येतं ४२७ किलोमीटर.

आता तीन बिंदू वेगळे दिसतात. सुरुवात शून्यावर. लांबीचा निव्वळ मध्य ६५७ किलोमीटरवर. आणि भारित मध्य ४२७ वर, म्हणजे ग्रेट निकोबारच्या पश्चिमेला, साधारण सात अंश उत्तर अक्षांशावर. ताठपणा ३० गिगापास्कल धरून याच वजनांचा मोमेंट काढला तर तीव्रता ९.० येते! हार्वर्डचा आकडा बरोबर होता असं वाटावं, इतकी चोख. पण अंदमान भागात २ मीटर सरकणं हे फक्त झपाट्याने झालेलं सरकणं आहे. सावकाश झालेलं यात नाही.

पृथ्वीच्या घंटेवरून

हे सावकाश सरकणं ऐकायला आणखी लांब तरंग हवे होते, आणि त्याहून लांब पृथ्वीवर एकच गोष्ट असते: अख्ख्या पृथ्वीचं घंटेसारखं थरथरणं. त्यातला सर्वांत मंद ठोका ५४ मिनिटांचा. त्याच्यापुढे आठ-दहा मिनिटांचा भूकंप म्हणजे खरोखरच एक क्षण, आणि १,३०० किलोमीटर म्हणजे ठिपका. सेथ स्टाइन आणि एमिल ओकाल यांनी २००५ च्या सुरुवातीला या मंद ठोक्यांवरून मोमेंट मोजला. तो हार्वर्डच्या अडीचपट निघाला, तीव्रता ९.३.

पृथ्वी फिरते म्हणून हा ठोका एका सुराचा राहत नाही, अगदी जवळजवळच्या पाच सुरांत फुटतो. कोणता सूर किती जोरात वाजेल हे घंटेवर टोला कुठे पडला त्यावर ठरतं. स्टाइन आणि ओकाल यांनी टोल्याची जागा सरकवून पाहिली. अपिकेंद्राच्या तीन अंशांपेक्षा सात अंश उत्तरेला ठेवलेला मध्य जास्त चांगला जुळला. म्हणजे बिंदू एकच, सूत्रही तेच. मोजमाप करणारा तरंग वस्तूच्या मानाने पुरेसा लांब घेतल्याबरोबर बिंदू चारशे किलोमीटर उत्तरेला, जिथे असायला हवा तिथे गेला.

हार्वर्डच्या गटाने दुसरी वाट धरली. व्हिक्टर त्साय, मेरेडिथ नेटल्स, योरान एकस्ट्रॉम आणि स्वतः जेवॉन्स्की यांनी २००५ मध्येच एका बिंदूऐवजी पाच बिंदू बसवले, एकामागून एक तुटणारे, सुमात्रापासून अंदमानापर्यंत ओळीने. पाचांचा मिळून मोमेंट १.१७ गुणिले १०चा २३ वा घात, पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. तीव्रता पुन्हा ९.३. शिवाय उत्तरेकडे जाताना खडक सरकण्याची दिशा कशी वळत जाते तेही दिसलं, जे एका बिंदूत कधीच दिसलं नसतं. ज्याने पद्धत बनवली त्यानेच वर्षभरात तिची मर्यादा छापून दाखवली, याचं मला कौतुक वाटतं. (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत मात्र ९.१ आहे. एवढ्या मोठ्या भूकंपात दशांशाचा वाद मिटत नाही.)

पाचच का? सात का नाहीत? डेटाचे गट पाडणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. के-मीन्स ही गट पाडायची पद्धत चालवताना किती सेंट्रॉइड, म्हणजे किती गट, घ्यायचे हे जसं माणसाला ठरवावं लागतं, तसंच इथेही. बिंदू वाढवत नेले तर जुळणी नेहमीच सुधारते, पण एका टप्प्यानंतर आपण भूकंप बसवतोय की नोंदीतला गोंगाट, हे कळेनासं होतं. तीनच महिन्यांनी, २८ मार्च २००५ ला, याच पट्ट्याच्या दक्षिणेला नियासचा ८.६ चा भूकंप झाला. त्याला एकच बिंदू पुरला.

चेन्नईच्या किनाऱ्यावरचा तासभर

हे सगळं गणितज्ञांचं भांडण वाटत असेल तर चेन्नईचा हिशेब करू. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: खोली गुणिले गुरुत्व, त्याचं वर्गमूळ. बंगालच्या उपसागरात वाटेतली खोली सरासरी ३,३०० मीटर धरली तर ताशी सुमारे ६५० किलोमीटर. अपिकेंद्रापासून चेन्नई दोन हजार किलोमीटरच्या थोडी पुढे, म्हणजे तीन तासांहून जास्त. लाट साडेनऊनंतर यायला हवी होती. पण तुटीचा निकोबारकडचा भाग चेन्नईपासून १,४०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून सव्वादोन तास, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात थोडे आणखी. लाट आली नऊच्या सुमारास.

दिशेचंही तसंच. लांब तुटीतून निघालेली लाट तुटीला काटकोनात सर्वांत जोरात जाते. तूट दक्षिणोत्तर, म्हणून मार पूर्व-पश्चिम: एकीकडे थायलंड, दुसरीकडे श्रीलंका आणि तमिळनाडू, त्यात नागपट्टिणम सर्वांत वाईट, थेट सोमालियापर्यंत माणसं दगावली. उत्तरेला, लाटेच्या वाटेत उघडा पडलेला वाटणारा बांगलादेश जवळजवळ वाचला. बिंदूला दिशा नसते, मग तो अपिकेंद्र असो की अचूक काढलेला सेंट्रॉइड. आणि हेही मोकळेपणी म्हटलं पाहिजे, की त्या सकाळी ९.३ हा आकडा पहिल्या मिनिटाला मिळाला असता तरी तो नागपट्टिणमच्या कोळीवाड्यापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. भारतात मृत आणि बेपत्ता मिळून आकडा सोळा हजारांच्या वर गेला. सगळ्या देशांचा सव्वादोन लाखांच्या आसपास.

हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. मोठ्या भूकंपांसाठी आता हिरू कानामोरी आणि लुइस रिवेरा यांची २००८ सालची पद्धत जगभर वापरतात. डब्ल्यू-फेज नावाचा अतिमंद पण लवकर पोहोचणारा तरंग घेऊन ती काही मिनिटांत मोमेंट आणि सेंट्रॉइड दोन्ही काढते. सर्वांत मोठ्या भूकंपांसाठी ती हजार सेकंदांपर्यंतचे तरंग घेते. तीनशे सेकंद कुठे कमी पडले होते ते आठवत असेलच.

जुन्या यादीतली २६ डिसेंबर २००४ ची ती एका बिंदूची ओळ अजून तशीच आहे: ३.०९, ९४.२६, ९.०. ती उतरवून घेऊन नकाशावर टाकली तर सिमेलुए बेटाच्या पश्चिमेला समुद्रात एक मोठा ठिपका पडतो. त्यानंतरच्या दिवसांतले धक्के त्याच नकाशावर टाकत गेलात, की छोटे ठिपके निकोबार ओलांडून अंदमानच्या उत्तर टोकापर्यंत रांगेत चढत जातात, आणि मोठा ठिपका रांगेच्या पार खालच्या टोकाशी एकटा राहतो.